वरातीच्या उजेडात बसवलेलं कार्ड

ज्यांनी मला त्या दिवशी आधार दिला ते आमच्या शेजारचे जनरेटरवाले काकाजी. हे आधी लिहून ठेवते, मग काय घडलं ते सांगते. कारण सांगायला लागले की मी नेहमी कार्ड, बोर्ड, फ्लॉपी यातच अडकते, आणि ऐकणारा शेवटी म्हणतो, "म्हणजे तुम्हीच केलं की सगळं." मी कुठलं केलं? मी तर पायरीवर हातपाय गाळून बसले होते.

काकाजी म्हणजे माझे सासरे नव्हेत. वर्ध्याकडच्या कारंज्यात हायवेवरून आत वळलं की आमची गल्ली. तिथे आमचा फोटो स्टुडिओ, मागे राहायची खोली, आणि स्टुडिओला लागून काकाजींचं टिनाचं शेड. शेडमध्ये हातगाडीवर बसवलेलं डिझेलचं जनरेटर आणि भिंतीला टेकवलेल्या वरातीच्या लाइटा: डोक्यावर घ्यायची झुंबरं, उभे हॅलोजन, रंगीत ट्यूबांच्या पाट्या. वरातीत पुढे बँड, मध्ये घोड्यावर नवरदेव, दोन्ही बाजूंना लाइटा घेतलेल्या बाया, आणि सगळ्यांच्या मागे धडधडत येणारी ती गाडी आणि तिच्या दांडीला धरून चालणारे काकाजी. उभा जन्म इंजिनापाशी गेल्यामुळे त्यांना हळू बोलताच यायचं नाही. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, हा माणूस सारखा कुणावर तरी रागावलेला असतो. त्यांची गाडी सुरू झाली की मी खिडकी लावून घ्यायचे.

तशी मला कशाचीही भीती वाटायची. मी खाडीकाठची, दापोलीकडची. शाळेला जायला इंजिनाच्या होडीनं खाडी ओलांडून पलीकडे जावं लागायचं. आई आजारी पडली, घरात मोठी मी, आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. मामा वर्ध्याला रेल्वेत होते, त्यांनी हे स्थळ आणलं. एक दिवस आणि एक रात्र गाडीत काढून, मग एसटीनं मी इथे उतरले, तेव्हा बरोबर आलेल्या आत्याला म्हणाले होते, "समुद्राच्या बाजूला तोंड करून झोपायचं तर इथे कुठल्या बाजूला करायचं गं?" तिलाही माहीत नव्हतं.

इथलं ऊन, इथलं तिखट, इथली बोली, सगळ्यानं मला धडकी भरायची. नळावर मी तोंड उघडलं की बाया हसायच्या. "पाह्य व, कशी मला-मला करते." त्यांचं 'मले' मला यायचं नाही आणि माझं 'मला' त्यांना चालायचं नाही. मग मी बोलणंच कमी केलं.

आमचे हे लग्नांची शूटिंग करायचे. सीझनमध्ये आज तळेगाव, उद्या आष्टी. शूटिंग केलेल्या कॅसेटी कम्प्युटरवर चढवून, नको ते कापून, गाणी टाकून एक सलग कॅसेट करायची, त्याला मिक्सिंग म्हणतात. यांना त्याला वेळ पुरेना म्हणून यांनी मला शिकवलं. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. कोणतं बटन कुठे आहे आणि त्यावर चित्र कसलं आहे, यावरून मी शिकले. आणि बघता बघता लोक मला 'मिक्सिंगवाली बाई' म्हणायला लागले. लग्नघरचे लोक माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसायचे. "आत्याबाईले दाखवजो बाई, नाई तं वर्षभर रुसते." "थो पिऊन नाचून राह्यला थो माणूस काढून टाकजो." कम्प्युटरपुढच्या त्या खुर्चीत बसलेली असताना माझ्या 'मला'ला कुणी हसलं नाही. त्या खुर्चीत माझी भीती जरा कमी व्हायची. मला तेवढंच पुष्कळ होतं.

मग नागपूरच्या लॅबवाल्यांनी नवीन फॅशन आणली. गुलाबाच्या पाकळीतून नवरी बाहेर येते, फिरत्या चौकोनावर सगळे पाहुणे. लोक येऊन तेच मागायचे. आमच्या जुन्या कम्प्युटरला ते झेपेना. एक पाकळी उलगडायला मशीन दुपारभर घरघरायची, आणि पाकळी अर्धी उलगडली की लाइट जायची. ते भारनियमनाचे दिवस होते.

एक दिवस हे जेवताना म्हणाले, "हा सीझन पाहू. नाई जमलं तं मशीन काढून टाकू. कॅसेटी नागपूरच्या लॅबले देत जाऊ. तुलेई आराम."

यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तो 'आराम' ऐकून माझा घास हातातच राहिला. मशीन गेली म्हणजे मी परत नळावरची झाले.

मीच म्हटलं, नुसतं कार्ड बदलून पाहू. पडद्यावर चित्र उमटवतं ते ग्राफिक्स कार्ड. ते नवं घातलं तर पाकळ्या भरभर उलगडतील असं एका कॅमेरावाल्यानं यांना सांगितलं होतं. हे नागपूरहून कार्ड घेऊन आले. चकचकीत डबा, त्यावर आगीच्या ज्वाळांचं चित्र. आधीच माझा स्वभाव असा, त्यात डब्यावर आग.

डबा फिरवून पाहिला. इंग्रजी नाही तरी आकडे मला वाचता येतात. त्यावर '2.0' लिहिलेलं. आमच्या मदरबोर्डचं पातळ पुस्तक मी कपाटातून काढलं. त्यात कार्डाच्या खाचेचं, म्हणजे स्लॉटचं चित्र होतं आणि शेजारी '1.0'. दुकानदारानं यांना सांगितलं होतं, लांबी तीच, खाच तीच, बसते. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे मला लग्न होऊन इथे आल्यापासून माहीत होतं.

मी ज्याला त्याला विचारत सुटले. मोटर बांधणारे भाऊ होते कोपऱ्यावर, ते म्हणाले, "तीन एचपीच्या स्टार्टरवर पाचची मोटर लावतेस का बाई? जयन ना." जळेल, म्हणजे. हायवेवरचा ट्रकमिस्त्री म्हणाला, "इंजन नवं आन गिअरबॉक्स जुना असला, तं पह्यले गिअरबॉक्स फुटते." म्हणजे बोर्ड. माझी जाऊ पोळ्या लाटत होती, तिनं न विचारताच सांगितलं, "नवी सून जुन्या घरात येतेच ना व. कोन जयते?"

तिच्या शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली, "दोघीबी जयतात. धूर दिसत नाई."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला त्या डब्यावरच्या ज्वाळा दिसत होत्या.

हे दोन दिवसांच्या लग्नाला आष्टीला निघाले. कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावता लावता म्हणाले, "कार्ड बसवून पाह्यजो. परवा मले नागपूरले जाचंच हाय. चाललं तं चांगलं. नाई तं कार्ड वापस करतो आन लॅबवाल्याशी बोलूनच येतो."

हे गेल्यावर मी पाटावर उभी राहिले, पायात रबरी चप्पल. आमच्या मशीनचा डबा हात लावला की झिणझिण्या आणायचा, म्हणून सगळ्या वायरी भिंतीतून काढल्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि त्यावर केसांचं रबर चढवलं, बोर्डला लागायला नको म्हणून. जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं. बसलं. दुकानदार खोटं बोलला नव्हता. वायरी लावल्या, बटन दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळाच.

मी वाट पाहिली. काळा. मी नाक डब्याला लावलं. वास येतोय का? येतोय असं वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, तिथे तर चूलही बंद. परत आले, वास घेतला. आता नव्हता. बटन बंद केलं, नवं कार्ड काढलं, जुनं परत बसवलं. बटन दाबलं, आणि पडद्यावर रोजची पांढरी अक्षरं आली. मी तिथेच जमिनीवर बसले.

डब्यावर नागपूरच्या दुकानाचा नंबर होता. मी फोन लावला. समोरचा माणूस घाईत होता, पण नीट बोलला.

"बाई, कार्डबी चांगलं हाय आन बोर्डबी चांगला हाय."

"मग दिसत का नाही काही?"

"कार्ड दोन नंबरच्या स्पीडचं हाय. तुमचा स्लॉट एक नंबरचा. तसं तं हे कार्ड मुकाट्यानं खाली येऊन एकच्याच स्पीडनं चालते, जयतगियत काई नाई. पण काई काई जुन्या बोर्डाले हे नवं ओयखूच येत नाई. दारातच उभं ठेवते."

"मग ओळख कशी करून द्यायची?"

"बोर्डाचं बायोस बदलवा लागते. त्याची पह्यली समज राह्यते ना आतली, ती नवी भरा लागते. मी फ्लॉपी पाठवतो ट्रॅव्हल्सनं. पण एक ध्यानात ठेवजा बाई. ती भरून राह्यली असताना लाइट गेली, तं बोर्ड मेला. मंग नवं कार्डबी चालत नाई आन जुनंबी नाई. आन असा बोर्ड आता बजारात भेटत नाई."

फ्लॉपी आली. नागपूरहून अमरावतीला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे वस्तू द्यायची आणि आपण हायवेवर उभं राहून उतरवून घ्यायची, हीच आमची टपाल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढाब्यापाशी पदर डोक्यावर घेऊन उभी होते. ड्रायव्हरनं खिडकीतून कागदात गुंडाळलेली फ्लॉपी दिली आणि पाहून म्हणाला, "एवढीशीच हाय? मले वाटलं दवाई हाय कोनाची, म्हून गाडी हाणत आणली."

घरी आले आणि फ्लॉपी मशीनजवळ ठेवून स्टुडिओच्या पायरीवर बसले. आमच्या यूपीएसची बॅटरी फुगली होती. लाइट गेली की एकदा कण्हायची आणि मरायची. भारनियमनाचं वेळापत्रक होतं, पण कारंज्यात त्यावर कुणी डाळ शिजायला टाकत नसे. असायच्या वेळेलाही लाइट अचानक जायची, एखादा पक्षी तारेवर बसला तरी जायची.

काहीच केलं नाही, तर उद्या हे नागपूरला जाऊन कार्ड परत करणार आणि मशीन जाणार. केलं आणि मधेच लाइट गेली, तर मशीन माझ्याच हातून मरणार. दोन्हीकडून माझी खुर्ची जात होती. मी फ्लॉपी हातात घ्यायची, आत जायची, पंख्याकडे पाहायची, पंखा जरा हळू झाल्यासारखा वाटायचा, की परत पायरीवर. सकाळ अशीच गेली.

काकाजी शेडपुढे झुंबरं पुसत बसले होते. संध्याकाळी त्यांना जवळच्या एका गावी वरातीला जायचं होतं. लाइटा उचलणाऱ्या बायाही येऊन बसल्या होत्या, गाडीची वाट पाहत. काकाजींनी मला आतबाहेर करताना पाहिलं असणार.

"काऊन व सूनबाई," ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात ओरडले, "तोंड काऊन असं करून राह्यली? मायेरून फोन आला काय?"

एवढ्या लोकांसमोर त्यांनी विचारलं आणि मला रडूच आलं. रडता रडता मी सगळं सांगितलं. स्लॉट, स्पीड, बायोस. माझ्या लक्षात आलं की त्यांना यातलं काही कळलं नाही. पण ते हातातलं फडकं खाली न ठेवता पूर्ण ऐकत होते.

"मंजे लाइट जाऊ नाई द्याची," ते म्हणाले. "एवढंच ना?"

"एवढंच."

"किती वेळ?"

"थोडाच वेळ."

"थोडा मंजे? नवरदेव घोड्यावर चढेपर्यंत, का उतरेपर्यंत?"

"चढेपर्यंत."

"मंग तं झालंच," ते म्हणाले आणि उठले.

आता मला दुसरीच भीती. जनरेटरची लाइट कमी-जास्त होते, हे मी वरातीत पाहिलं होतं. कॅसेटीत नवरदेवाचं तोंड मधेच पिवळं पडायचं आणि मधेच पांढरं. तसं मशीनला झालं तर? मी म्हटलं, "नको काकाजी. जळेल."

"रिकामं जनरेटर नाचते," ते म्हणाले. "त्याच्यावर वजन टाकलं का गुमान चालते. बैलावानी हाय." मग बायांकडे वळून म्हणाले, "उठा व. लाइटा लावा साऱ्या."

त्यांनी गाडी आमच्या दारापुढे आणली. आपल्या घरातून फ्रिजचा स्टॅबिलायझर उचलून आणला, त्यामुळे काकू मागून म्हणाल्या, "आन माया दुधाचं?" त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलंच नाही असं दाखवलं. मशीनची वायर स्टॅबिलायझरमधून जनरेटरला जोडली. मग जनरेटर सुरू झालं आणि गल्लीत एकेक लाइट पेटली. झुंबरं, हॅलोजन, लाल-हिरव्या ट्यूबा, दोन्ही बाजूंना रांगेनं, अगदी वरातीसारख्या. फक्त वर दुपारचं ऊन होतं. त्या उन्हात त्या लाइटा अगदी फिक्या, ओशाळ्या दिसत होत्या. बाया आपापल्या लाइटीपाशी सावली धरून उकिडव्या बसल्या. लाइटा पेटतील तशी जनरेटरची धडधड खाली खाली येत गेली आणि एका सुरावर बसली.

येणारेजाणारे थांबायला लागले.

"काय बाप्पा, वरात हाय का? नवरदेव कोठी हाय?"

एक लाइटवाली म्हणाली, "आत हाय. हळद लावून राह्यले त्याले."

"घोडा?"

"घोडा टिफिन आणाले गेला."

मी आत गेले. फ्लॉपी घातली. दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं तसं, एकेक बटन. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली आणि तिच्याखाली एक रिकामी पट्टी. पट्टीत एक ठोकळा भरला. मग दुसरा. मी हात मांडीखाली दाबून धरले, चुकून कुठे लागायला नकोत म्हणून. उघड्या दारातून मला काकाजींची पाठ दिसत होती आणि गाडीची दांडी.

तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. जनरेटर न्यायला आलेली ती लग्नघरची गाडी होती. तिच्यातून एक फेटेवाले गृहस्थ उतरले. ते नवरदेवाचे मामा, हे त्यांच्या पहिल्याच वाक्यात कळलं.

"माया भाच्याच्या वरातीच्या लाइटा हायत ह्या. कोनाच्या दारात पेटवल्या?"

काही घरांत अशी रीत असते. वरातीच्या लाइटांना हळदकुंकू लावायचं, मामानं नारळ फोडायचा, मगच पहिली लाइट पेटवायची. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. काकाजींना चांगलं ठाऊक होतं.

"दोन मिनिट, पाहुणे," काकाजी म्हणाले. "जराशीक बसा. बंद करतोच."

"दोन मिनिट काऊन? उष्ट्या लाइटा न्याच्या काय आमी मांडवात?" आणि ते गाडीच्या दांडीकडे, बंद करायच्या खटक्याकडे वळले.

मला उठता येईना. पट्टी अर्धी भरली होती. दारातून दिसलं ते एवढंच, की काकाजींनी आपला तळहात त्या खटक्यावर पालथा टेकवला आणि तिथून हलले नाहीत. मामांना हात टेकवायला तिथे जागा उरली नाही. मग मामा रागानं वळले आणि त्यांनी जवळच्या हॅलोजनची पिन ओढून काढली.

इंजिनचा आवाज एकदम चढला. वजन कमी झालं होतं. माझ्या पायाशी स्टॅबिलायझर टक् करून वाजला. पडदा थरथरला, की माझे डोळेच थरथरले, मला आजही सांगता येणार नाही. पट्टी जिथे होती तिथेच थांबलेली दिसली. मी देवाचं नाव घेतलं नाही. आठवलंच नाही. मी खाडीवरची होडी आठवत होते, मधोमध बंद पडलेली, आणि तिच्यात मी.

"हात नोका लावू!" काकाजींचा आवाज इंजिनाच्याही वर गेला. मग जरा खाली उतरून ते बायांना म्हणाले, "तुमी आपापल्या लाइटा धरून बसा व. कोनाले काढू देऊ नोका."

ज्या बाईची पिन निघाली होती तिनं उठून ती परत लावली आणि तिच्यावर पदर टाकून बसली. आवाज खाली आला. स्टॅबिलायझर पुन्हा टक् झाला. ठोकळा सरकला. मग पुढचा.

पट्टी भरली. खाली इंग्रजीत एक ओळ आली, तिच्यातलं मला काहीही वाचता आलं नाही. पण फोनवर सांगितलेल्या क्रमात आता एकच बटन उरलं होतं. ते दाबलं. मशीन आपोआप बंद होऊन आपोआप सुरू झाली, आणि जुन्या कार्डावर रोजची अक्षरं आली. बोर्ड जिवंत होता. मी बाहेर जाऊन "झालं" म्हटलं. इंजिनाच्या आवाजात ते बुडालं, पण काकाजींनी तोंडाकडे पाहून ओळखलं आणि तळहात उचलून खटका बंद केला. गल्ली एकदम शांत झाली. मी मामांकडे पाहिलंही नाही. तशीच आत पळाले, नवं कार्ड बसवायला.

बांगड्या, पाट, चप्पल, सगळं परत तसंच केलं. आमच्या गल्लीची लाइट सुदैवानं होती, वायर परत भिंतीत लावली. बटन दाबलं. पडदा काळा. काळा. आणि मग कोपऱ्यात डब्यावर होतं तेच कार्डाचं नाव उमटलं. मी खुर्चीत बसले नाही, उभ्यानंच पाहत राहिले. मग एका नवरीला गुलाबाच्या पाकळीतून बाहेर काढलं. न अडखळता आली. परत काढलं. परत आली.

बाहेर येऊन काकाजींना सांगितलं, कार्ड चाललं, पण जुन्या स्लॉटाच्याच चालीनं, त्याची स्वतःची चाल यापेक्षा दुप्पट आहे.

"मंजे नवं असून जुन्यावानी चालते?"

"हो."

"आपल्या गल्लीत तेवढंच बस हाय," ते म्हणाले आणि झुंबरावरची धूळ पुसायला लागले.

संध्याकाळी मी दिवा लावायला बाहेर आले तेव्हा पाहिलं, गाडी शेडमध्येच होती. लाइटा भिंतीला टेकलेल्या. मी विचारलं तर काकाजी म्हणाले, "त्यायचं दुसरीकडून जमलं." दुसऱ्या दिवशी हे नागपूरला जाऊन आले, पण लॅबवाल्याकडे गेलेच नाहीत. मी एवढ्या आनंदात होते की दुसऱ्या कशाकडे माझं लक्षच गेलं नाही.

खरं काय ते पुढच्या सीझनमध्ये काकूंनी वाल निवडता निवडता सांगितलं. मामांनी त्याच दुपारी दुसऱ्या गावाहून जनरेटर बोलावलं होतं. ते घराणं मोठं, सोयरीक चार गावांत पसरलेली. 'उष्ट्या लाइटावाला' हे नाव त्यांनी काकाजींना दिलं आणि त्या चार गावांत परत त्यांना कुणी बोलावलं नाही. काकाजींना हे होणार ते खटक्यावर हात ठेवतानाच कळलं होतं, काकू म्हणाल्या. "मी म्हटलं त्यायले, पोरीच्या मशीनसाठी लग्नघर सोडलं? तं म्हणे, लग्नं लय येतात."

मी तशीच उठून शेडमध्ये गेले. तोवर माझी बोली अर्धी इकडची झाली होती. "काकाजी, मले सांगितलं काऊन नाही?"

"सांगून काय व्हाचं होतं? तुई मशीन चालू झाली ना?"

त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढू दिला नाही. दिवाळीला ताट नेलं तर घ्यायचे, आणि रिकामं ताट परत न करता त्यात आणखी काहीतरी भरून पाठवायचे. त्यांचे उपकार कधी फिटतील असं ते होऊच द्यायचे नाहीत.

ते कार्ड पुष्कळ वर्षं चाललं. पुढे सगळं बदललं, मशीनही बदलली, पण खुर्ची माझीच राहिली. अजूनही नवी वस्तू बसवताना मी आधी वास घेते. काकाजी आता थकले आहेत. जनरेटर विकलं, शेडमध्ये मुलाची मोटरसायकल असते. त्यांना फारसं ऐकू येत नाही.

मध्ये एकदा मी जुन्या कॅसेटी काढून बसले होते. त्यांच्या गाडीच्या उजेडात निघालेल्या कितीतरी वराती मी मिक्स केल्या. पण आमच्या धंद्यात वरातीचं शेपूट कापतात. नवरदेव पुढे गेला की कट. मागची गाडी, वायरी, काकाजी, ते कुणी मागत नाही. मी सगळ्या कॅसेटी पाहिल्या. काकाजी एकाही कॅसेटीत नाहीत. बँडच्या खाली त्यांच्या इंजिनाची धडधड तेवढी ऐकू येते.

त्यांची नात मोठी होतेय. कधीतरी तिचं लग्न होईल, आणि तेव्हा काकाजी वरातीच्या मागे नसतील. नवरीचे आजोबा म्हणून दारात उभे असतील आणि समोरून येणाऱ्या लाइटा त्यांच्या तोंडावर पडतील. ही गोष्ट त्यांना ओरडून सांगावी लागेल, आणि ओरडून सांगायची ती नाही, म्हणून इथे लिहिते. काकाजी, त्या लग्नाचं मिक्सिंग मी करणार. पहिलं चित्र तुमचं असेल. आणि त्या वरातीच्या मागे ज्याची कुणाची गाडी धडधडत येईल, ती आणि तिच्या दांडीला धरलेला माणूस, दोन्ही शेवटपर्यंत राहतील. मी कापणार नाही.